तीसचा कागद, आठचा कारभार

काटोलात मी टायपिंगचा क्लास चालवतो. चौकशीला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "सर, सर्टिफिकेट कवा भेटते?" बोटं कशी ठेवायची, हे विचारणारा वर्षातून एखादा. बाकीच्यांना मराठी 30 आणि इंग्रजी 40 हे मिनिटाला शब्दांचे आकडे फक्त कागदावर हवे असतात, कारण लिपिक-टंकलेखकाच्या जाहिरातीत ते मागितलेले असतात. राज्य परीक्षा परिषदेची परीक्षा सुटली, कागद फायलीला लागला, नोकरी मिळाली की टायपिंगला रामराम. पुढे निवृत्तीपर्यंत दोन बोटं.

हे दोन बोटांचं राज्य पाहायचं असेल तर कुठल्याही सरकारी कार्यालयाच्या बाकावर तासभर बसा. परवा मी एका ठिकाणी बसलो होतो. नाव लिहीत नाही, सगळीकडे तेच आहे. बाबूंची तर्जनी कीबोर्डावर घिरट्या घालत होती. 'ण' सापडला, मान वर केली, पडद्यावर 'न' उमटलेला, मान पुन्हा खाली. समोर एक संत्रेवाला शेतकरी उभा. गारपिटीच्या मदतीच्या यादीत कुणीतरी त्याच्या ज्ञानेश्वरचा 'द्यानेश्वर' करून ठेवला होता आणि पासबुकाशी नाव जुळत नव्हतं. बाबूंनी दुरुस्तीच्या पत्रात ज्ञानेश्वर नीट केला आणि त्याच पत्रात त्याच्या बापाचं नाव चुकवलं. "होते ना बापा कधी कधी," बाबू म्हणाले. होते! आंबिया बहराची फळं गळून पडलेल्या माणसाला हे ऐकवायला छाती लागते.

साधा हिशेब करा. 240 शब्दांचं पत्र 30च्या गतीनं आठ मिनिटांत होतं. दोन बोटांनी, आठच्या गतीनं त्याला अर्धा तास लागतो. असा अर्धा तास दिवसातून पाच-सहा वेळा जातो आणि तो बाबूंचा जात नाही, बाकावरच्यांचा जातो.

हेच बाबू कधीमधी माझ्याकडे येतात. "सर, आता या वयात बोटं कायले वळतीन?" मी विचारतो, मोबाइलवर वीस ओळींचा सुविचार दोन अंगठ्यांनी कसा वळतो? आमच्या भागातल्या भजनी मंडळांत पन्नाशीनंतर पेटी शिकलेली माणसं आहेत. त्यांची बोटं काही वेगळ्या कारखान्यातून आलेली नाहीत. अडचण वयाची नाही. पस्तीस वर्षांच्या साहेबाला विशीतल्या पोरीशेजारी बसून 'ए एस डी एफ जी एफ' बडवायची लाज वाटते, एवढंच. चुकीचं पत्र सही करून देताना मात्र ही लाज कुठे जाते, कळत नाही.

जे शिकायला बसतात, ते पहिल्याच दिवशी गतीमागे धावतात. मोबाइलवरच्या चाचणीत इंग्रजीचे सोपे शब्द बडवून 60 काढतात, स्टेटसला ठेवतात आणि 'उपविभागीय अधिकारी' आला की गाडी रुळावरून उतरते. अहो, आधी खाली बघणं सोडा! एफ आणि जे या कळांवर उंचवटे कशासाठी दिलेत? बोटांनी घर शोधावं म्हणून. कीबोर्डावर रुमाल टाका, रोज पंधरा-वीस मिनिटं मुद्दाम हळू टाइप करा आणि चूक कोणत्या बोटाची होते ते पाहा. चुका कमी झाल्या की गती आपसूक येते. टंकयंत्रावर चार कार्बन लावलेले असताना एक अक्षर चुकलं तर पाचही प्रतींवर खाडाखोड करावी लागायची, म्हणून जुन्यांचा हात जपून चालायचा. संगणकानं मागे जायची कळ दिली आणि आम्ही चुका मोजायचंच सोडलं.

गोंधळात सरकारचाही वाटा आहेच. माणूस रेमिंग्टन मांडणीचा कीबोर्ड शिकतो, तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची. कार्यालयात इन्स्क्रिप्ट, तिथे अक्षरानंतर. मोबाइलवर रोमन अक्षरांतून मराठी. तीन ठिकाणच्या तीन सवयी, मग पक्की एकही होत नाही. खरं तर इन्स्क्रिप्ट मराठीला फार सोयीची: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 'का, कि, के' म्हणताना हात आपोआप आलटून पालटून चालतात. पण हे सेवेत आल्यावर सांगतो कोण? आमच्या धंद्यातही उतारे घोटून घेणारे आहेतच; उतारा बदलला की त्यांचे विद्यार्थी आडवे. आता लोकसेवा आयोग लिपिक-टंकलेखक पदासाठी स्वतः कौशल्य चाचणी घेतो, ते बरंच. पण नोकरी लागल्यावर दहा वर्षांनी गती कोण मोजतो?

लोकसेवा हक्क अधिनियम 2015 साली आला. त्यानुसार कोणती सेवा किती दिवसांत मिळेल, याचा फलक कार्यालयात लावावा लागतो. त्याच फलकावर शेवटी एक रकाना वाढवा: टेबलावरच्या माणसाची आजची गती आणि आजच्या चुका. तपासायला यंत्रणा लागणार असेल तर माझा क्लास सकाळी सातला उघडतो. सर्टिफिकेट मिळणार नाही.