मुंगीला डबीत कोंडू नका



नातवंडांसाठी काचेच्या डबीत मुंग्या पाळायच्या, आणि वर म्हणायचे शिक्षण! फोरिड नावाची बारीक माशी मुंगीच्या अंगात अंडे घालते. काही जातींत अळी डोके आतून पोखरते, ते गळून पडते. मोकळी मुंगी माशीची चाहूल लागताच बिळात शिरते. डबीतच माशी घुसली तर ती कुठे जाणार? माशीचा तो स्वभाव, दोष कोंडणाऱ्याचा.

मग फवारा मारणार? त्रींद्रिय कोंडली, तिच्यापायी चतुरिंद्रिय मारली. जमेला काय उरले? तत्त्वार्थसूत्रात अहिंसाव्रताच्या पाच अतिचारांत पहिला ‘बंध’ आहे. मुलांना सोसायटीच्या बागेतले वारूळ दाखवा, चिमूटभर पीठ घालायला लावा. तेच शिक्षण.