श्वासाचा आकडा आणि रुग्णाचे जगणे

दम्याच्या रुग्णाने नळीत जोराने फुंकावे आणि पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली यावरून त्याचे दुखणे ठरवावे, ही रीत रूढ आहे. ती निरुपयोगी आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु आकडा समाधानकारक आलेला रुग्ण त्याच रात्री उशीला टेकून बसून पहाटेची वाट पाहत असतो. फुफ्फुसाचा आकडा आणि रुग्णाचे रोजचे जगणे यांचा मेळ सैल असतो, असे अभ्यासकांना वारंवार आढळले आहे.

हे जगणे मोजण्याचा पद्धतशीर प्रयत्न कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या एलिझाबेथ ज्युनिपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रश्नावलीत ३२ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांत धाप किती लागली, कामे किती अडली, मन किती धास्तावले, धूर-धुळीने किती गांजले, याला १ ते ७ असे गुण द्यावयाचे. सरासरीत अर्ध्या गुणाचा फरक पडला, तर तो रुग्णाला जाणवण्याजोगा मानतात.

या प्रश्नावलीचे मर्म मात्र गुणांत नाही. अडणाऱ्या कामांपैकी पाच कामे रुग्णाने स्वतः निवडावयाची, अशी तीत योजना होती. दम्याचा जुना रुग्ण आपल्या दुखण्याशी तडजोड करतो. जिना चढणे सोडून दिलेला माणूस 'धाप लागत नाही' असे खरेपणाने सांगतो. फोडणीच्या धुराने गुदमरणारी गृहिणी तो त्रास संसारातच जमा करते. तिचे काम तिनेच सांगितले तर तो उजेडात येणार. १९९९ मध्ये सोयीसाठी या पाच कामांच्या जागी श्रमाचा व्यायाम, मध्यम व्यायाम, नोकरीधंद्यातील काम, भेटीगाठी आणि झोप अशी ठरीव यादी असलेली आवृत्ती निघाली. मोठ्या चाचण्यांत तुलना सुलभ झाली खरी. पण व्यायामाशी कधी संबंध न आलेल्या आपल्याकडील स्त्रीने त्यापुढे कोणता आकडा लिहावा?

मुलांच्या बाबतीत ज्युनिपर यांनीच अधिक दूरदृष्टी दाखविली. ७ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी २३ प्रश्नांची प्रश्नावली केली, आणि आईबापांच्या जिवाची घालमेल मोजण्यासाठी १३ प्रश्नांची निराळी. मुलाची धाप आईबापांच्या तोंडून ऐकून भागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. कवायतीतून सूट मिळालेला विद्यार्थी मैदानाच्या कडेला बसतो, तेव्हा त्याला खेळावयाचे होते काय, हे आपल्या शाळांत सहसा विचारले जात नाही.