आज शाळेत पाठवू का?

पोर आजारी असताना त्याला शाळेत पाठवायचं की नाही, हा निर्णय आपल्याकडे पोराकडे बघून होत नाही असं माझं स्पष्ट मत झालंय. तो होतो आई-बाबांच्या शिल्लक रजा बघून, युनिट टेस्टचं वेळापत्रक बघून आणि काही ठिकाणी तर 'शंभर टक्के उपस्थिती'च्या प्रमाणपत्राकडे बघून. कपाळाला हात लावतो तो नुसता उपचार.

माझी मुलगी साडेचार वर्षांची, ज्युनियर केजीत. बायको पण आयटीतच. या वयाच्या मुलांना वर्षाकाठी सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होणं नॉर्मल आहे असं डॉक्टर सांगतात. शाळेचं पहिलं वर्ष काढलेल्या कुठल्याही आई-बापाला हा आकडा कमीच वाटेल :) म्हणजे हा प्रश्न वर्षातून एकदा पडणारा नाही. महिना-दीड महिन्याने तो दारात उभाच असतो.

आणि येतो कधी? सकाळी पावणेसातला. दूध उतू जातंय, आठला व्हॅनवाले काका हॉर्न देणार, साडेनऊला क्लायंट कॉल, आणि पोरगी म्हणते, "बाबा, मला कसंतरी होतंय." जगात कुठलाही निर्णय घेण्यासाठी याहून वाईट वेळ नसेल. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला तर काय करायचं, हे आपण रात्री दोन वाजता ठरवत नाही ना? ते आधीच कुणीतरी शांत डोक्याने लिहून ठेवलेलं असतं. ज्याची ड्यूटी असते तो डोळे चोळत उठतो आणि कागदावर आहे ते करतो. मग पोराच्या बाबतीतच आपण रोज सकाळी नव्याने डिझाइन चर्चा का करतो?

म्हणून मागच्या जूनमध्ये, पोरगी ठणठणीत असताना, आम्ही दोघांनी बसून एक कागद लिहिला आणि फ्रिजवर लावला. त्यातलं काहीच आमच्या डोक्यातून आलेलं नाही. आमच्या डॉक्टरांना विचारलं, अमेरिकेची सीडीसी आणि ब्रिटनची एनएचएस पालकांना काय सांगतात ते वाचलं, आणि घराला झेपेल इतकं ठेवलं. ताप १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर घरी. ताप उतरल्यावर, म्हणजे *औषध न देता* उतरल्यावर, पूर्ण २४ तास घरी. उलट्या-जुलाब असतील तर शेवटच्या उलटी-जुलाबानंतर ४८ तास. अंगावर पुरळ आणि सोबत ताप असेल तर आधी डॉक्टर, मग बाकीचं. आणि शेवटची ओळ बायकोने लिहिली आहे, ती मला सगळ्यात आवडते: 'खेळत नसेल तर शाळा नाही.' थर्मामीटर काहीही म्हणो, पोरगी आवडीच्या खेळण्याकडे ढुंकून बघत नाही, नुसती सोफ्यावर लोळून आहे, तर ती शाळेत जाऊन काय दिवे लावणार?

यातलं 'औषध न देता' हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण सगळी मेख तिथेच आहे. सकाळी सातला पॅरासिटामॉलचं सिरप पाजायचं. साडेसात-पावणेआठपर्यंत अंग गार लागतं, पोरगं हसायला लागतं, बिस्कीट खातं. "बघ, झालं बरं!" म्हणून दप्तर पाठीवर. पण त्या औषधाचा अंमल चार ते सहा तास. म्हणजे साधारण अकरा ते एकच्या दरम्यान ताप परत वर, आणि तेव्हा ते पोरगं बेंचवर डोकं टेकून बसलेलं असतं. टीचर फोन करतात. आईला हिंजवडीहून निघून शाळेत पोचायला किती वेळ लागतो ते पुणेकरांना मी सांगायची गरज नाही. तोपर्यंत पोर वर्गात तसंच. आणि सकाळपासूनचे ते सगळे तास ते शेजारच्याच्या डब्यात हात घालत होतं, व्हॅनमध्ये सात-आठ जणांत चेपून बसलं होतं, ते वेगळंच.

ताप हा मुळात लॉगमधला एरर मेसेज आहे. आत काहीतरी चालू आहे हे तो सांगतो. औषधाने मेसेज दिसेनासा होतो, आतलं चालूच असतं. पॅरासिटामॉल देऊच नका असं मी म्हणत नाही हां. पोराला त्रास होत असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या डोसने जरूर द्या. पण ते पोराला बरं वाटावं म्हणून. व्हॅनमध्ये बसवता यावं म्हणून नाही.

आता कुणी म्हणेल, अहो एवढं काय, मुलांना एकमेकांकडून होणारच. आपल्याला नाही का झालं? झालं की. पण वर्गात सगळी मुलं सारखी नसतात. माझ्या मुलीच्या वर्गात एक मुलगा आहे, त्याला किडनीच्या आजारासाठी बरेच महिने स्टिरॉइडच्या गोळ्या चालू आहेत. त्याच्या आईनेच पालकांच्या ग्रुपवर एकदा अगदी हात जोडून लिहिलं होतं की कुणाला कांजिण्या आल्या तर कृपया लगेच कळवा. आपल्याकडे कांजिण्या म्हणजे 'देवी आल्या, कडुनिंबाचा पाला ठेवा, आठ दिवसांत जातील' असा मामला. (देवी हा वेगळाच आणि जगातून गेलेला रोग, पण नाव चिकटलंय.) बहुतेक मुलांच्या बाबतीत ते तसं होतंही. पण ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे त्या मुलाला कांजिण्या जिवावर बेतू शकतात. शिवाय कांजिण्यांची लस सरकारच्या मोफत लसीकरणात नाही, ती बालरोगतज्ज्ञांकडे पैसे देऊन घ्यावी लागते. म्हणजे वर्गातल्या किती जणांनी घेतली असेल देव जाणे. पुरळ दिसायच्या एक-दोन दिवस आधीपासून हा आजार पसरायला लागतो, त्यावर आपलं काही चालत नाही. पण पुरळ दिसल्यापासून सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत घरी ठेवणं हे तर आपल्या हातात आहे! साधारण पाच-सहा दिवस. "दोनच फोड राहिलेत, फुल शर्ट घालून पाठवते" हे वाक्य मी या कानांनी ऐकलेलं आहे. बोलणाऱ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांची रजा संपली होती, एवढंच.

दुसऱ्या टोकाचेही लोक आहेत, ते सांगितलं नाही तर हा लेख एकतर्फी होईल. एक शिंक आली की आठवडाभर शाळा बंद, कानटोपी, वाफारा, काढा. याचीही काही गरज नाही. नुसतं नाक वाहतंय, थोडा खोकला आहे, पण ताप नाही, खाणंपिणं नीट आहे, घरभर उड्या चालल्यात, तर खुशाल पाठवा. रुमाल द्या, शिंकताना कोपर तोंडापुढे धरायला शिकवा. सर्दीनंतरचा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो, तेवढे दिवस घरी ठेवायचं म्हटलं तर पोराला शाळेचा रस्ता आठवणार नाही. उवा झाल्या म्हणून शाळा बुडवायचं कारण नाही, फणी घेऊन बसा. डोळे आले असतील तरी शाळेत यायला हरकत नाही असं एनएचएस म्हणते. इथे मात्र मी आपल्या लोकांच्या बाजूने. २०२३ च्या जुलैमध्ये आळंदी-पुण्याकडे डोळ्यांची साथ काय वेगाने पसरली ते आठवतंय. एका बाकावर दोघं-तिघं बसवणाऱ्या आपल्या वर्गांत, सारखे डोळे चोळणाऱ्या चार वर्षांच्या पोराला घरी ठेवलेलंच बरं.

पावसाळ्यासाठी आमच्या कागदावर लाल पेनने एक वेगळी ओळ आहे. डेंग्यूत ताप उतरणं ही नेहमीच चांगली बातमी नसते. ताप उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तासच कधी कधी सगळ्यात धोक्याचे असतात. पोटात खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, पोर एकदम मलूल पडणं, यातलं काही दिसलं तर शाळेचा विचार सोडून थेट हॉस्पिटल. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तीन-चार दिवस चांगला ताप येऊन गेला असेल तर 'काल ताप नव्हता, आज पाठवू' हे गणित तिथे चालत नाही. आधी डॉक्टरांना विचारायचं.

बरं, हे सगळं कागदावर छान आहे. पण घरी ठेवलं तर घरी थांबणार कोण? खरं भांडण इथे आहे.

मागची दोन वर्षं आमचा क्लायंट स्वीडनचा आहे. तिथल्या टीमच्या चॅटवर सकाळी कुणाचा तरी एक शब्द येतो: 'व्हाब'. म्हणजे आज माझं मूल आजारी आहे, मी घरी आहे. बस. पुढे ना कारण, ना माफी, ना 'कॉलवर अव्हेलेबल आहे'. तिकडे आजारी मुलासाठी एका मुलामागे वर्षाला १२० दिवसांपर्यंत रजा मिळते आणि साधारण ८० टक्के पगार (त्याला वरची मर्यादा आहे) सरकारी विम्यातून येतो. फेब्रुवारीत इतकी पोरं आजारी पडतात की त्या महिन्याला ते लोक गमतीने 'व्हाब्रुआरी' म्हणतात. आणि मला नवल वाटलं ते हे की व्हाब लिहिणाऱ्यांत पुरुष भरपूर. आमचा तिकडचा आर्किटेक्ट, सहा फुटी दाढीवाला गडी, महिन्यातून एकदा तरी व्हाबवर असतो आणि आर्किटेक्चर काही कोसळत नाही.

आपल्याकडे केंद्र सरकारच्या नोकरीतल्या बायकांना २००८ पासून चाइल्ड केअर लीव्ह आहे, सगळ्या नोकरीत मिळून ७३० दिवस. २०१८ पासून ती एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांनाही मिळते. बायको असलेल्या बापाला नाही, म्हणजे त्याने घरी थांबायची वेळ येईल असं कुणाच्या मनातच आलेलं नाही! खाजगी नोकरीत पोराच्या आजारपणासाठी म्हणून वेगळी रजा नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस किरकोळ रजा आहे. आठ दिवस! पोराच्या सहा-आठ सर्द्यांतल्या निम्म्यांना दोन-दोन दिवस ताप आला की त्या संपल्या. २०२० पासून आपल्याकडे एक नवीन उत्तर आलंय, 'घरूनच कर ना काम.' तापाने फणफणलेलं पोर मांडीवर आणि स्क्रीन शेअर चालू, याला काम म्हणत नाहीत आणि काळजी घेणंही म्हणत नाहीत.

आमच्यापुरतं आम्ही वाटून घेतलंय. सम तारखेला बाबा, विषम तारखेला आई. ज्याच्या तारखेला ताप येईल त्याने रजा टाकायची, कुणाचा कॉल महत्त्वाचा यावर चर्चा नाही. (एकतीस तारखेनंतर लगेच एक येते, त्यामुळे बायकोचं थोडं नुकसान होतं हे तिने पहिल्याच महिन्यात दाखवून दिलं. तेव्हापासून एकतीस तारीख माझी.)

पण हे सगळं मांडताना आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा विचार आला की माझा सूर खाली येतो. त्यांचा नातू महापालिकेच्या शाळेत दुसरीला आहे. पोराची आई पण चार घरी पोळ्या करते. दोघींपैकी कुणी घरी थांबलं की त्या दिवसाचे पैसे कापणारी घरं आहेत. पोराला शाळेत निदान दुपारची खिचडी मिळते, कुणाचं तरी लक्ष असतं. कणकण असताना त्याला घरी एकटं कोंडण्यापेक्षा शाळेत पाठवणं हा त्यांच्या दृष्टीने बरोबर निर्णय आहे, आणि मी त्याला चूक म्हणणार नाही. तिथे बदलायचं ते आपण, पैसे कापणाऱ्यांनी. आमच्या घरी नातू आजारी म्हणून केलेल्या खाड्याचे पैसे कापत नाही. सोसायटीत इतरांना हे सांगितलं की "तुम्ही सवय लावता" असं ऐकून घ्यावं लागतं. घेतो.

आता शाळा. २००९ च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यातच सहावीत होतो. स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, चौदा वर्षांची शाळकरी मुलगी होती. शाळा बंद झाल्या आणि उघडल्यावर नाक ओढणाऱ्या पोराला बाई दारातूनच परत पाठवायच्या. मग २०२० नंतर तेच पुन्हा. दोन्ही वेळा आजारी असाल तर येऊ नका हे शाळांनीच कानीकपाळी ओरडून सांगितलं. साथ गेली, नियमही गेला, आणि स्नेहसंमेलनात शंभर टक्के उपस्थितीचं बक्षीस परत आलं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षाला २०० दिवस शाळा असते. वर्षाला सहा-आठ वेळा आजारी पडणारं सहा वर्षांचं मूल दोनशेच्या दोनशे दिवस हजर असेल तर ते एक तर फार नशीबवान आहे, नाहीतर आजारी असताना आलेलं आहे. बक्षीस नक्की कशाचं देतोय आपण? आणि दहावी-बारावीच्या परीक्षेलासुद्धा बोर्ड ७५ टक्केच हजेरी मागतं.

दुसरा छळ म्हणजे एका दिवसाच्या गैरहजेरीला डॉक्टरांचं सर्टिफिकेट. एक दिवस जुलाब झाले, घरी ओआरएस दिलं, पोर बरं झालं. आता त्या चिठ्ठीसाठी दवाखान्यात तासभर बसा, फी द्या आणि शेजारी खोकणाऱ्या पोराकडून नवीन काहीतरी घेऊन या. म्हणून मग लोक म्हणतात, जाऊ दे, पाठवूनच देऊ. डेंग्यू, कांजिण्या, गोवर असेल तर चिठ्ठी मागा, समजू शकतो. एका दिवसाला आईची सही का चालत नाही?

मागच्या पालकसभेत मी हे दोन्ही मुद्दे काढले: बक्षीस बंद करा, आणि ताप-उलट्यांचे नियम शाळेच्या डायरीत पहिल्या पानावर छापा. तीन आया आणि एक आजोबा माझ्या बाजूने बोलले. मुख्याध्यापिका बाई म्हणाल्या, डायरीचं बघू, पण बक्षिसाने मुलांना शिस्त लागते. पुढची सभा दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे. तो स्टिरॉइडवाला मुलगा, त्याची आई पण येणार आहे म्हणाली.