इंग्रजी पत्रावर सही करण्यापूर्वी

माल पारखण्यात आपला कापडवाला कुणाला हार जात नाही. सुटलेला धागा, पडलेला डाग त्याला हात फिरवताच कळतो. पण त्याच मालाचे इंग्रजी पत्र समोर आले की तो न वाचता सही करतो. 'आम्ही उर्दू शाळेत शिकलो, इंग्रजी कारकून पाहील,' ही सबब आम्हांला मान्य नाही.

या चुका अडाणीपणाच्या नाहीत. आपण मनात उर्दू किंवा मराठी वाक्य जुळवतो आणि शब्दाला शब्द लावून इंग्रजीत उतरवतो. म्हणूनच चुका ठरावीक असतात आणि त्या ओळखता येतात.

'माल' एकवचनी, म्हणून 'गुड्स इज रेडी' लिहिले जाते. 'गुड्स' अनेकवचनी आहे. 'गुड्स आर रेडी' हवे. उर्दूत 'कपडा' म्हणजे ताग्यातले कापडही आणि अंगावरचा पोशाखही. इंग्रजीत कापडाला 'क्लॉथ', अंगावरच्या कपड्यांना 'क्लोद्स'. पॉवरलूमवाल्याने 'क्लोद्स' लिहिले तर समोरचा त्याला रेडिमेडवाला समजेल. '२० वर्षांपासून' याचे आपण 'सिन्स ट्वेंटी इयर्स' करतो. तेथे 'फॉर' पाहिजे. 'सिन्स'पुढे सन येतो, जसे 'सिन्स १९८५'. 'डिस्कस'पुढे 'अबाउट' लागत नाही.

एवढ्याने फार तर हसे होईल. पुढच्या चुकांत पैसा जातो. 'तक' किंवा 'पर्यंत' या एका शब्दासाठी इंग्रजीत दोन शब्द आहेत. १५ तारखेपर्यंत माल पोहोचता करू, येथे 'बाय' हवे. 'टिल' लिहिले तर १५ तारखेपर्यंत माल पाठवत राहू, असा अर्थ निघतो. 'बिफोर' लिहिले तर १५ तारीख मुदतीबाहेर गेली.

निर्यातीच्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये तर शब्दांचे अर्थ ठरलेलेच आहेत. इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सचे 'यूसीपी ६००' हे नियम २००७ पासून लागू आहेत. त्यांनुसार माल रवाना करण्याच्या मुदतीत 'टिल'पुढची तारीख धरली जाते, 'बिफोर'पुढची धरली जात नाही. रक्कम, नग किंवा दरापुढे 'अबाउट' असेल तर त्यात १० टक्के कमी-जास्त चालते. आपण 'अंदाजे' सहज बोलून जातो. बँक त्याचा हिशेब करते.

कुरआन शरीफात सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणे लिहून ठेवण्याचा हुकूम आहे. लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे आणि मजकूर देणेकऱ्याने सांगावा, असेही तेथे म्हटले आहे. मजकुराची जबाबदारी कारकुनावर टाकून मालक मोकळा होत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. बाकीचे व्याकरण कारकुनाने पाहावे. तारीख, दर, नग आणि पेमेंटची मुदत या चार जागा मालकाने स्वतः वाचाव्यात. बाजारातल्या संघटनांनी उर्दू शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकांना आठवड्यातून एक संध्याकाळ बोलवावे आणि आपलीच जुनी पत्रे त्यांच्यापुढे ठेवावीत.