डूलॅलीचा ताप

दिल्लीत कोपर्निकस मार्गावरच्या जुन्या महाराष्ट्र सदनात उतरलोय. जवळच्याच एका कार्यालयात माझा कागद अडकलाय आणि गेले तीन दिवस तिथल्या बाकावर बसून मी "कल आइए" ऐकतोय. काल शेजारी एक निवृत्त मास्तर येऊन बसले. गाव देवळाली. मी पटकन म्हणून गेलो, "म्हणजे तुम्ही डूलॅलीचे!" मास्तर हसले नाहीत.

'डूलॅली' हे इंग्रजीतलं विशेषण. अर्थ, डोकं फिरलेला. आपल्या कानाला त्यात 'डुलणं' ऐकू येतं, पण त्याचा काही संबंध नाही. हे नाशिकजवळचं देवळालीच. १८६१च्या सुमारास तिथे गोऱ्या फौजेची छावणी पडली. हिंदुस्थानातली नोकरी संपलेले शिपाई विलायतेचं जहाज मिळेपर्यंत तिथे येऊन राहत. जहाजं सुटायची साधारण ऑक्टोबर ते मार्च. एप्रिलात मुदत भरलेल्याचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही देवळालीतच जात. हाताला काम नाही, दारू मात्र आहे. माणसं बहकत. अशाला 'डूलॅली टॅप' झाला म्हणत. फ्रँक रिचर्ड्स नावाच्या शिपायाने १९३६च्या 'ओल्ड सोल्जर साहिब'मध्ये हे सांगून ठेवलंय.

हा 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, टपलीही नव्हे; आपला ताप. गोऱ्याच्या घरचा 'फीव्हर' होताच, तरी त्याने ताप उचलला. आपल्याकडे एक ताप अंगात येतो आणि एक डोक्याला होतो. त्या शिपायाला दुसरा ठाऊक होता की नाही कोण जाणे, पण त्याला झाला होता तो दुसराच. पुढे 'टॅप' गळाला आणि 'डूलॅली' तेवढं उरलं. दोष जहाजांच्या वेळापत्रकाचा, बदनाम झालं गाव.

हे सगळं सांगितल्यावर मास्तर म्हणाले, "अहो, आमच्याकडे हवापालटाला येतात माणसं. बरी होऊन जातात."

नावांचं काय घेऊन बसलात! हा रस्ता पूर्वी लिटन रोड होता. पोलंडच्या कोपेर्निकचं लॅटिनात कोपर्निकस झालं, दिल्लीने त्याला मार्ग जोडला, आणि ऑटोवाल्याला मी सांगतो, "मंडी हाऊस."

चार वाजता शिपाई बाहेर आला. मास्तरांना आत बोलावलं. मला सोमवार मिळालाय.