चोर येतो तेव्हा आणि चोर पळतो तेव्हा



गावात एखादे घर फुटले की आठ दिवस दुसरा विषय नसतो. देवळाच्या सभामंडपात, तिठ्यावर, मासळी बाजारात एकच बोलणे: घरात एक बंदूक हवी! गेल्या महिन्यात एका बागायतदाराने माझ्याकडे हाच विषय काढला. "मास्तर, अमेरिकेत बघा. घरात कोणी शिरला की उडवायचा, गाडीला हात लावला की उडवायचा. आम्हीच का हात बांधून बसायचे?" या गृहस्थाचे घर कुळागरात एकटे, मुलगे परदेशी, घरात म्हातारा-म्हातारी दोघेच. त्याची भीती खोटी नाही. पण भीती खरी असली म्हणून तिच्यावर सुचलेले औषधही खरेच असते, असे नव्हे. त्याला जे सांगितले तेच आज तुम्हां सर्वांना सांगतो.

प्रथम अमेरिकेचेच घेऊ. तेथील काही राज्यांत घरधन्याला व गाडी चालविणाऱ्याला मोठी मोकळीक आहे, ही गोष्ट खरी. लुइझियाना राज्याने १९९७ साली गाडी हिसकावणाऱ्याचा जीव घेण्यापर्यंतची मुभा चालकाला दिली. फ्लोरिडाने २००५ साली असा कायदा केला की, घरात किंवा माणूस बसलेल्या गाडीत कोणी जबरीने शिरू लागला, तर आतल्या माणसाला जिवाची रास्त भीती वाटली असेच धरून चालावे. ऐकायला हे गोड लागते. पण त्याच लुइझियानात १७ ऑक्टोबर १९९२ रोजी काय घडले तेही ऐका. शिक्षणासाठी आलेला सोळा वर्षांचा एक जपानी विद्यार्थी मेजवानीचे घर शोधता शोधता चुकून भलत्याच दारी गेला. घरवाल्याने बंदूक रोखून त्याला थांबायला सांगितले. पोराला ते उमगले नाही, तो पुढे आला, आणि एका गोळीत संपला. १९९३ साली घरवाला फौजदारी खटल्यातून सुटला. पुढच्या वर्षी दिवाणी कोर्टाने त्याला जबर भरपाई भरण्याचा हुकूम केला. पण गेलेले पोर कोणत्या कोर्टाने परत आणले?

वाचकहो, आपल्या दारी रात्री कोण येत नाही? चतुर्थीची भजनी मंडळी येतात, शिगम्याचे मेळ येतात, दुखणेकऱ्यासाठी गाडी मागायला शेजारी येतो, झिंगून वाट चुकलेला आपलाच भाचा येतो. अंधारात गोळीला माणसाची ओळख पटत नाही.

आता आपला कायदा पाहू. "चोराला हात लावला तर आपणच तुरुंगात" अशी पुष्कळांची समजूत आहे. ती साफ चुकीची आहे. स्वसंरक्षणाचा हक्क १८६० च्या दंड संहितेत ९६ ते १०६ या कलमांत होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या ३४ ते ४४ या कलमांत तो तसाच आहे. स्वतःच्याच नव्हे, दुसऱ्याच्याही जिवाचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हा हक्क आहे. कलम ४१ म्हणते की जबरी चोरी, सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवण्याच्या जागेला लावलेली आग, अशा प्रसंगी बचाव करताना हल्लेखोराचा मृत्यू झाला तरी तो गुन्हा ठरत नाही. मच्छीमार बांधवांनी ध्यानात घ्यावे: माणसे राहतात किंवा माल ठेवतात अशा होडीला आग लावणेही या कलमात येते.

पण हक्काला कुंपण आहे. कलम ३७ सांगते की बचावाला लागेल तेवढेच बळ वापरायचे, अधिक नाही. आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच उरत नाही. कलम ४३ हा हक्क कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो ते सांगते. घरफोडी चालू आहे तोवर हक्क चालू. धोका टळला की तो संपला.

हे कुंपण कळण्यासाठी पंजाबातील दोन खटले पाहा. दोन्ही शेतजमिनीच्या तंट्याचे, दोन्हींत बंदूक, दोन्ही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले. जयदेव विरुद्ध पंजाब राज्य या १९६२ च्या खटल्यात आपले महाराष्ट्रीय न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी निकाल लिहिला. समोरची माणसे पळू लागल्यावर बळ वापरण्याचे कारण उरले नव्हते, तरीही त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. झाडणाऱ्यांचा बचाव कोर्टाने मानला नाही. दुसरा खटला दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य, निकाल २०१० चा. येथे बापाच्या डोक्यावर धारदार हत्याराचा घाव पडला, तेव्हा मुलाने गोळी झाडली व हल्लेखोर मेला. उच्च न्यायालयाने दोषी धरलेल्या या मुलाला सर्वोच्च न्यायालयाने सोडले. जिवावर बेतलेल्या माणसाने सोनाराच्या तराजूत तोलून वार करावा अशी अपेक्षा कायदा करीत नाही, हेच त्या निकालाचे सार.

म्हणजे बंदूक तीच, शेत तेच. फरक एवढाच की एका ठिकाणी समोरचा अंगावर येत होता, दुसऱ्या ठिकाणी पाठ दाखवून पळत होता. चोर येतो तेव्हा कायदा तुमच्या बाजूला उभा असतो. चोर पळतो तेव्हा तो त्याच्या बाजूला जातो. एवढे एक वाक्य घरातल्या पोरासोरांनाही पाठ करून ठेवायला सांगा. रस्त्यावर गाडीला गाडी घासली आणि बाचाबाची झाली, तरी नियम हाच. अंगावर येणाऱ्याला अडवा. निघून गेलेल्याचा पाठलाग करून मारलेत तर तो बचाव नव्हे, सूड होय.

बंदुकीचा परवाना मिळूच नये असे मी म्हणत नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना मागता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोन बंदुका ठेवता येतात व परवाना पाच वर्षांचा असतो. रानात एकट्याने राहणाऱ्या शेतकऱ्याची खरी गरज असेल तर त्याचा अर्ज वर्षानुवर्षे फायलीत कुजू नये, ही मागणी रास्तच आहे. परंतु पिकाच्या रक्षणासाठी मिळालेली बंदूक म्हणजे वाटेल त्या जनावरावर चालवण्याची सनद नव्हे. गवा अंगावर आला आणि जीव वाचवण्यासाठी त्याला मारावे लागले, तर १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तो गुन्हा मानीत नाही. पण नारळी-पोफळीचे नुकसान केले म्हणून त्याला लपून मारणे हा गुन्हाच. कुंपणाच्या तारेत वीज सोडणे तर त्याहून वाईट. ती तार डुक्कर आणि शेजाऱ्याचे पोर यांत भेद करीत नाही.

मग एकट्या घराने करावे काय? मागच्या दारी दिवा ठेवा, कुत्रे पाळा, वाड्यावरच्या चार घरांनी हाक मारली तर धावून यायचे असे आधी ठरवून ठेवा. ११२ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. झटापट झालीच तर पळू नका, लपवू नका. पोलिसांना घडले तसे प्रथम तुम्हीच सांगा. आणि पंचायतीला विचारा: रात्रीची गस्त आमच्या वाड्यापर्यंत का येत नाही? बंदुकीच्या किमतीपेक्षा हा प्रश्न स्वस्त आहे, आणि तो सर्वांनी मिळून विचारला तर चोराला त्याचीच अधिक धास्ती वाटेल.

त्या बागायतदाराने अजून अर्ज केलेला नाही. दिवा मात्र लावला आहे, आणि शेजारच्या दोन घरांशी कित्येक वर्षांचे अबोले सोडले आहेत.