सभागृहाला कुलूप, कारभार मात्र चालू!

जानेवारी २०२६ मध्ये मुंबईसह राज्यातील महानगरपालिकांसाठी मतदान झाले आणि लोकशाही पुन्हा नांदू लागल्याची द्वाही फिरवली गेली. गुलाल अंगावर असताना मागच्या हिशेबाची आठवण कोणालाच रुचत नाही. म्हणूनच ती करून देणे अगत्याचे आहे. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती. औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, तर एप्रिल २०२० मध्येच संपली होती. एका शहराने जवळजवळ चार वर्षे आणि दुसऱ्याने पावणेसहा वर्षे लोकनियुक्त सभागृहावाचून काढली. बहुतेक जिल्हा परिषदांवरही प्रशासकच बसले होते.

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने पालिकेची मुदत पाच वर्षांची ठरवली, त्याहून एक दिवसही अधिक नाही. आणि ती संपण्यापूर्वी नवी निवडणूक पूर्ण करण्याचे बंधन घातले. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २००६ मध्ये हे बंधन पुन्हा ठणकावून सांगितले. तरीही महाराष्ट्रात ते पायदळी तुडवले गेले. २०२० मध्ये साथीचे कारण होते, हे मान्य. परंतु साथ सरलेली नसताना जानेवारी २०२१ मध्ये याच राज्यात हजारो ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या. २०२४ मध्ये लोकसभेची निवडणूक वेळेवर झाली, विधानसभेचीही झाली. अडचण आली ती फक्त नागरिकाच्या दाराशी असलेल्या सत्तेची!

ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत निवडणुका कशा घ्यायच्या, असा सवाल केला जातो. ओबीसींचे राजकीय आरक्षण न्याय्य आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र संदेह नाही. पण त्यासाठी मागासलेपणाची प्रत्यक्ष माहिती गोळा केली पाहिजे, हे घटनापीठाने २०१० मध्येच सांगितले होते. त्यानंतर अकरा वर्षे सत्तेवर आलेल्या प्रत्येक पक्षाने हात बांधून बसणे पसंत केले. मार्च २०२१ मध्ये न्यायालयाने आरक्षण रोखले, तेव्हा सर्वांनाच ओबीसींचा कळवळा आला. ज्यांच्या आळसाने आरक्षण गेले, त्यांनीच त्या आरक्षणाची ढाल करून निवडणुका लांबवल्या.

प्रभागांचा खेळ तर याहून निलाजरा. महाविकास आघाडीच्या सरकारने मुंबईचे प्रभाग २२७ चे २३६ केले, आणि मार्च २०२२ मध्ये प्रभागरचनेचे अधिकार कायदा करून स्वतःकडे ओढले. जून २०२२ मध्ये सत्तांतर झाले. नव्या सरकारने ऑगस्टमध्ये प्रभाग पुन्हा २२७ केले. वाद न्यायालयात गेला आणि तारखांमागून तारखा पडत राहिल्या. अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तो पाळला गेला नाही म्हणून पुन्हा मुदतवाढ द्यावी लागली. राज्यकर्त्यांना घाई नव्हती, कारण त्यांचे काहीच अडत नव्हते.

अडत होते ते नागरिकाचे. नळाला पाणी नाही, गटार तुंबले आहे, शाळेला शिक्षक नाही, या तक्रारी घेऊन त्याने जायचे कोणाकडे? नगरसेवक पुष्कळदा निष्क्रिय असतो, कधी भ्रष्टही असतो; पण पाच वर्षांनी त्याला मत मागायला गल्लीत यावेच लागते. प्रशासकाला कोणाच्या दारात उभे राहावे लागते? २०२५-२६ चा मुंबईचा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता. तो आयुक्तानेच मांडला आणि प्रशासक म्हणून त्यानेच मंजूर केला! स्थायी समिती नाही, विरोधी पक्षनेता नाही, प्रश्न विचारणारा एकही आवाज नाही. २०२३ मध्ये तर पालकमंत्र्याचे कार्यालय थेट पालिका मुख्यालयात थाटले गेले. लोकनियुक्त सभागृहाची जागा निष्पक्ष प्रशासनाने घेतली नव्हती. ती मंत्रालयाने घेतली होती.

‘प्रशासकाच्या काळात कामे झपाट्याने झाली’ असे म्हणणाऱ्या मध्यमवर्गीय सज्जनांना आमचे एवढेच विचारणे आहे: झपाट्याने झालेली कामे कोणाच्या गरजेची होती, हे ठरवले कोणी? परकीय राजवटही रेल्वे वेळेवर चालवत होती. म्हणून कोणी स्वराज्याची मागणी सोडली नाही.

या काळात विरोधी पक्षांनी किती मोर्चे काढले? पक्ष फोडाफोडीत आणि चिन्हांच्या भांडणात गुंतले. वृत्तवाहिन्यांना बंडखोरांची हॉटेले दाखवण्यापुढे प्रभाग समितीची ओस पडलेली कचेरी दाखवायला सवड मिळाली नाही. डॉ. लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चौखांबी राज्याची कल्पना मांडली होती. आपल्याकडे खालचे दोन खांब काढून घेतले, तरी वर बसलेल्यांना हादरा जाणवला नाही.

निवडणुका झाल्या, आता हे प्रकरण मिटले, असे मानणे आत्मघातकी ठरेल. प्रभागरचना आणि आरक्षणाची सोडत हे अधिकार पूर्णतः राज्य निवडणूक आयोगाकडे गेले पाहिजेत. प्रशासकाच्या कारकिर्दीला सहा महिन्यांची कडक मर्यादा हवी. प्रशासकाने केलेला प्रत्येक मोठा खर्च नव्या सभागृहांनी उघड चर्चेला घ्यावा. आणि २००९ पासून कायद्यात असूनही बहुतांशी कागदावरच राहिलेल्या क्षेत्रसभा वस्तीवस्तीत भरवाव्यात. नव्या नगरसेवकांनी हे केले नाही, तर त्यांना ते करायला लावणे हे नागरिकांचे काम आहे. सभागृहाचे कुलूप न्यायालयाने उघडून दिले. ते पुन्हा लागू न देण्याची जबाबदारी न्यायालयाची नाही, आपली आहे.